वाट संपल्यावर गेलेला भाऊ

१९४२च्या एप्रिलमध्ये मद्रास शहर रिकामं होऊ लागलं. ५ एप्रिलला जपानी विमानांनी कोलंबोवर हल्ला केला, दुसऱ्या दिवशी विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बाँब पडले. तंजावरच्या मराठी घराण्यांनी पिढ्यान्पिढ्या जिथे बिऱ्हाडं थाटली, त्या मैलापूरपर्यंत धास्ती पोचली. मिळेल त्या गाडीने लोक आतल्या गावांकडे निघाले.

या लोकांना परतायला घर होतं. त्याआधीच्या महिन्यांत मद्रास बंदरात बोटीतून उतरलेल्या ब्रह्मदेशातल्या भारतीयांना ते उरलं नव्हतं.

रंगूनवर पहिले बाँब २३ डिसेंबर १९४१ रोजी पडले. ८ मार्च १९४२ला शहर जपान्यांच्या हाती गेलं. ज्यांना बोटीचं तिकीट मिळालं ते मद्रास, कलकत्त्याला पोचले. बाकीचे पायी निघाले. कुणी आराकानचे डोंगर ओलांडून चितगावकडे, कुणी चिंदविन नदी पार करून तामूमार्गे इंफाळकडे, तर कुणी हुकाँगच्या खोऱ्यातून पांगसाऊ खिंडीकडे. पाण्याने आणि जमिनीने मिळून सुमारे पाच लाख माणसं भारतात आली असं मानलं जातं. मे महिन्यात पाऊस सुरू झाला आणि चिखल, जळवा, मलेरिया, हगवण यांनी माणसं गळू लागली. या वाटांवर गोऱ्यांची सोय वेगळी आणि भारतीयांची वेगळी होती. त्या भेदभावाबद्दल तेव्हाच संताप उसळला होता.

त्या गर्दीत तीन-चार वर्षांची एक मुलगी होती. पुढे हिंदी सिनेमाने तिला हेलन म्हणून ओळखलं. १९३८ साली ब्रह्मदेशात जन्मलेली ही मुलगी आई आणि भावासोबत चालत होती. आई गरोदर होती. वाटेतच तिचा गर्भपात झाला. गावोगावच्या लोकांनी दिलेल्या अन्नावर ते तगले. आसाममधल्या दिब्रुगडला पोचेपर्यंत सोबतची निम्मी माणसं मागे पडली होती, काही दगावली होती. मायलेकींच्या अंगावर नुसती हाडं उरली होती आणि भावाची प्रकृती चिंताजनक होती. दोन महिने ते रुग्णालयात होते. तिथून बरे होऊन कुटुंब कलकत्त्याला गेलं आणि तिथे देवीच्या साथीने भावाला नेलं. १९६४ साली ‘फिल्मफेअर’ला दिलेल्या मुलाखतीत हेलनने हे सगळं सांगितलं. तोवर ‘हावडा ब्रिज’ येऊन सहा वर्षं झाली होती आणि मुंबईने तिला डोक्यावर घेतलं होतं.

विस्थापितांच्या इतिहासाची अभ्यासक म्हणून मला या आठवणीतलं एक स्थळ फार महत्त्वाचं वाटतं: कलकत्ता. हा मुलगा जंगलात गेला नाही, खिंडीतही नाही. तो पोचला होता. वाटेवरच्या मृतांचा हिशेब मांडताना सरहद्दीवरच्या छावण्यांशी हात थांबतो. उपासमारीने पोखरलेल्या शरीराला पुढच्या शहरात देवी गाठते, तेव्हा तो मृत्यू साथीच्या खात्यावर जमा होतो. त्याला पुन्हा त्या पायपिटीशी जोडायचं काम बहीण करते, कारण दोन्ही ठिकाणी ती त्याच्यासोबत होती.

ह्यू टिंकर या इतिहासकाराने १९७०च्या दशकात या प्रवासाला ‘विस्मृत’ म्हटलं. घराघरांत मात्र तो विसरला गेला नव्हता. तमिळनाडूत आणि आंध्रात ब्रह्मदेशाहून परतलेली असंख्य कुटुंबं आहेत. त्यातली चिमुरडी मुलं आज नव्वदीकडे झुकली आहेत. त्यांना बहुधा एवढंच विचारलं जातं, की कुठून आलात आणि किती दिवस चाललात. त्यांना हेही विचारायला हवं, की सोबत कोण भावंडं होती, पोचल्यावर वर्षभरात त्यांचं काय झालं, कोणत्या रुग्णालयात नेलं होतं. त्या उत्तरांच्या आधारे दिब्रुगड, कलकत्ता आणि मद्रासच्या जुन्या नोंदी नव्याने चाळता येतील आणि १९४२च्या मृतांच्या यादीत अशा मुलांची नावं घालता येतील.