अबोल वेग

दक्षिण जर्मनींतील स्टुटगार्ट शहर टेकड्यांच्या वाटींत वसलेलें असून, त्या टेकड्यांच्या उतारांवर भर वस्तींत द्राक्षांचे मळे आहेत. १९६८ सालीं या शहरानें मुंबईशीं भगिनी-नगरीचें नातें जोडलें. आणि पुण्याच्या कारखान्यांतून येथें येणाऱ्या मराठी इंजिनियरांमुळें तें नातें आतां घरगुती झालें आहे. माझा भाचा त्यांपैकींच एक. गेल्या उन्हाळ्यांत मी त्याजकडे गेलों, तेव्हां घरांत एकच विषय चालू होता: मोटार कोणती घ्यावी?

प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. भाच्याला वेगाचें वेड लहानपणापासूनचें. पुण्यास असतांना मोटारसायकलवरून पडून त्यानें हात मोडून घेतला होता, आणि ती गोष्ट माझी बहीण अद्याप विसरली नव्हती. आतां तीहि त्याच्याजवळच राहते. गुडघ्यांमुळें बाहेर जातांना तिला चाकांची खुर्ची लागते. शिवाय घरांत दोन मुलें. गाडी वेगवान हवी हा मुलाचा हट्ट, आंत खुर्ची मावली पाहिजे ही सुनेची अट, आणि "लोकांच्या डोळ्यांत भरेल असें कांहीं नको" ही आईची आज्ञा!

या तिन्ही गोष्टी एके ठिकाणीं नांदूं शकतात, हें मला त्या देशांत समजलें. छत मागेंपर्यंत लांबवून सामानास जागा केलेल्या ज्या मोटारीला आपण स्टेशन वॅगन म्हणतों, तिला जर्मन लोक कोम्बी म्हणतात. याच शहराच्या त्सुफेनहाउझेन भागांत १९९४-९५ सालीं पोर्शच्या कारखान्यांत आउडीची आर. एस. २ नांवाची कोम्बी तयार होत असे. ३१५ अश्वशक्तीचें इंजिन, ताशीं २६० किलोमीटर वेग, आणि मागें मुलांची ढकलगाडी ठेवण्याची सोय! १९९४ सालींच व्होल्व्होनें आपली चौकोनी कोम्बी ब्रिटनमधील मोटारशर्यतींत उतरविली होती.

त्याहून मौज अशी कीं, इंजिनाची ताकद सांगणारीं अक्षरें गाडीच्या पाठीवर लावूं नका, असें गाडी मागवितांनाच कळविण्याची सोय येथें आहे. आपलें मोठेपण दोन अक्षरांनीं वाढवून सांगणारे आपणांस पुष्कळ ठाऊक आहेत. येथें तीं अक्षरें काढून टाकणारे भेटले. या प्रांतांतील श्वाबियन माणूस काटकसरी. पाळी आली कीं सामाईक जिना स्वतः झाडणारा. सदाशिव पेठेंतील कांहीं जुन्या घरांची मला आठवण झाली.

पहिली गाडी पाहिली ती चार धुराड्यांची. सुरू होतांच दुकानाच्या कांचा थरथरल्या. बहिणीनें नुसती मान हलविली. दुसरी सुरेख होती. परंतु खुर्ची ठेवल्यावर मुलांच्या दप्तरांस जागा उरेना. तिसरीसाठीं आम्ही आगगाडीनें उल्मला गेलों. तेथील चर्चचें १६१ मीटर उंचीचें शिखर ओळखून आहे म्हणून बरें. नाहीं तर त्या विक्रेत्याचें आवार सांपडणें कठीणच होतें. गाडी राखी रंगाची, वापरलेली स्कोडा ऑक्टेव्हिया कोम्बी: २४५ अश्वशक्ति, सामानास ६४० लिटर जागा, आणि पाठीवरचीं अक्षरें आधींच्या मालकानें काढलेलीं. खुर्ची आंत सहज गेली.

आउग्सबुर्गच्या दिशेनें आम्ही महामार्गावर आलों. येथें ताशीं १३० किलोमीटर ही शिफारस. पण मर्यादेची पाटी नसेल तेथें बंधन नाहीं. गाडी आवाज न करतां १८० वर गेली. इतक्यांत मागून एक मोठी मोटार अंगावर आल्यासारखी येऊन दिवे मिचकावूं लागली. बहिणीनें पदराचें टोंक मुठींत धरलें. पायाखालीं अजून पुष्कळ ताकद शिल्लक होती, हें भाच्याला ठाऊक होतें, मलाहि होतें. त्यानें पुढचा मालट्रक मागें टाकला, उजवीकडचा दिवा लावला आणि शांतपणें बाजूस झाला. "जाऊं दे त्याला," एवढेंच म्हणाला.

थोड्या वेळानें मागून आवाज आला, "हीच घे."

"ताई, गाडी पसंत पडली वाटतें?" मीं विचारलें.

"गाडींतलें मला काय कळतें?" ती म्हणाली, आणि पदर सोडून खिडकीबाहेर पाहूं लागली.