किल्लारी टू टोकियो

जपान म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? सुशी, चेरीची फुलं, बुलेट ट्रेन... आमच्या घरी मात्र एकच शब्द. भूकंप! कारण आम्ही लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि लातूर-धाराशिव पट्ट्यातली सुमारे दहा हजार माणसं गेली. माझा जन्म त्यानंतरचा, पुनर्वसनाच्या गावातला. टोकियोची जॉब ऑफर आली, तेव्हा घरात पॅकेज किती हे कुणी विचारलंच नाही. आजी एवढंच म्हणाली, "लेकरा, झोपशील त्या घराला वरून काय हाय?"

तिचं बरोबरच होतं. जुन्या गावात दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा भलामोठा थर. उन्हाळ्यात एकदम गार! पण त्या पहाटे तेच झोपलेल्या माणसांवर आलं. तेव्हापासून आजी स्लॅबखाली झोपत नाही. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तिची बाज.

टोकियोत निशी-कासाईला खोली शोधली. इथे भारतीय भरपूर, लोकलमध्ये मराठीही कानावर पडतं. भाड्याव्यतिरिक्त घरमालकाला 'रेईकिन' द्यावं लागतं, म्हणजे परत न मिळणारी भेट! ते ऐकून घाम फुटला, पण माझा पहिला प्रश्न वेगळा होता: बिल्डिंग १९८१च्या आधीची की नंतरची? त्या वर्षी जूनमध्ये जपानने भूकंपरोधक बांधकामाचे नियम कडक केले. एजंट हसला नाही की चिडला नाही. त्याने कागद काढून तारीख दाखवली. आजीचा प्रश्न इथे रुटीन आहे, राव!

हळूहळू बाकीचं अंगवळणी पडलं. कचऱ्याचे वार पाठ झाले. व्हेज दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो, हे कळलं. संध्याकाळी पाचला गल्लीतल्या स्पीकरवर गोड धून वाजते. मला वाटलं, मुलांना घरी बोलवायला असेल. तसं आहेच, पण संकटाची सूचना देणारे स्पीकर चालू आहेत ना, याची ती रोजची टेस्टही असते. कपाटं भिंतीला किंवा छताला घट्ट बसवलेली, बेडच्या डोक्याशी जड काही नाही, दाराजवळ इमर्जन्सी बॅग. जोराचा धक्का बसला की गॅसचा मीटर आपोआप बंद!

पहिला धक्का ऑफिसात बसला. माझा हात टेबलाच्या कडेवर घट्ट. शेजारच्याने मान वर करून दिव्याकडे पाहिलं, म्हणाला, "शिंदो तीन," आणि पुन्हा टायपिंग सुरू! 'शिंदो' म्हणजे तुम्ही उभे आहात तिथे किती हललं, त्याचं माप. काही मिनिटांत टीव्हीवर गावागावांचे आकडे येतात.

जानेवारीत शिन्कानसेनने कोबेला गेलो. सुमारे पावणेतीन तासांचा प्रवास. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५:४६ ला तिथे भूकंप झाला, ६,४३४ माणसं गेली. दरवर्षी त्या पहाटे हिगाशी युएन्ची बागेत लोक बांबूच्या नळकांड्यांत दिवे लावतात आणि बरोबर ५:४६ ला गप्प उभे राहतात. मीही राहिलो. नंतर भूकंपाचं म्युझियम पाहिलं. माणसं का गेली? बहुतेक झोपेत, घराखाली सापडून. जुनी लाकडी घरं आणि त्यांवर जड कौलं. म्हणजे त्यांचंही माळवदच! एवढ्या पुढारलेल्या देशातही जीव गेले ते डोक्यावरच्या वजनाने. फरक पुढचा आहे. त्यांनी ते विसरायचं नाही असं ठरवलं आणि ते शाळेच्या ड्रिलपासून भाडेकरारापर्यंत सगळीकडे लिहून ठेवलं. पुण्या-मुंबईत फ्लॅट बघताना आपण पार्किंग विचारतो, मॉड्युलर किचन विचारतो. स्ट्रक्चरल इंजिनीअरचं सर्टिफिकेट कितीजण मागतात?

मागच्या सुट्टीत आजीसाठी हँडल फिरवून चालणारा जपानी रेडिओ-टॉर्च नेला. टोकियोतल्या खोलीचे फोटो दाखवले, छताचेसुद्धा. तिने चष्मा लावून नीट पाहिले आणि म्हणाली, "ऱ्हा मग." टॉर्च आता तिच्या उशाशी असतो. झोपते मात्र अजून पत्र्यातच!