पांढऱ्या घोडीचा मुलगा

काल रात्री ‘फेहेरलोफिया’ पुन्हा पाहिला. मार्सेल यांकोविच यांचा १९८१ सालचा हंगेरियन ॲनिमेशनपट. नावाचा अर्थ ‘पांढऱ्या घोडीचा मुलगा’. चित्रांना काळी बाह्यरेषा नाहीच. रंगातून रंग उमलतो, त्यातूनच माणूस घडतो. झाडाच्या ढोलीत घोडी लेकाला पाजत राहते आणि तिची ताकद हळूहळू त्याच्या अंगात उतरते. तिथे माझा गळा दरवेळी दाटून येतो. पुढे पाताळातले तीन राक्षस: तीन डोक्यांचा दगडी, सात डोक्यांचा रणगाड्यासारखा आणि बारा डोक्यांचा म्हणजे गगनचुंबी इमारतींचं शहरच! कथा आजीच्या काळातली, भीती मात्र आजची. आईच्या दुधावर पोसलेलं बळ त्या शहराला भिडतं, तेव्हा मलाही धीर येतो.