छतावरचा परदेशी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर निळा रंग मला जणू नव्याने बहाल झाला, आणि त्याच लोभाने मी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात मान वर करून उभा राहिलो, तेव्हा दृष्टी पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या प्रसिद्ध चित्रापाशी न रेंगाळता छतावरच्या एका परदेशी असामीवर खिळली : टोकदार टोपी, दाढी, हाती पेला, पायांत पट्ट्यापट्ट्यांचे मोजे.

१८७९ साली वास्तू-इतिहासकार फर्ग्युसनने त्याला इराणचा बादशहा दुसरा खुस्रू ठरवले. परंतु लेणे वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले, म्हणजे पाचव्या शतकातले मानल्यास खुस्रू तेव्हा जन्मलाही नव्हता.

छतावरची ती निळाई मात्र अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतल्या लाजवर्द या निळ्या दगडाची. कोणाच्या गाठोड्यातून, किती जकातनाके ओलांडून आली असेल? खुस्रू असो वा नसो, ते मोजे चितारणाऱ्याने तशी माणसे जवळून पाहिली होती, असा माझा कौल आहे.