एव्हरेस्टसाहेबांची पृथ्वी

शंकुसाखळी आणि फलकयंत्र घेऊन मौजेवारीने शिवारे तुडविण्यात ज्याची हयात खर्ची पडली, त्या माणसास आपले स्थान आकाशातून विचारून घ्यावे ही कल्पना प्रथमदर्शनी रुचत नाही. मग ते आकाश कितीही विद्वान असो. तथापि २००८ सालच्या हिवाळ्यात माझा भाचा पुण्याहून कळमेश्वरास आला तो लॅपटॉप आणि सुपारीच्या डबीएवढे एक काळे यंत्र घेऊनच, आणि या दोघांच्या भरवशावर कोणास रस्ता न विचारता वाटेल तेथे जाऊन दाखवितो, अशी पैज त्याने मांडली.

गंतव्यस्थान मी सुचविले, हिंगणघाट. मद्रासजवळ १८०२ साली ज्याने या देशाच्या त्रिकोणमितीय मोजणीचा पाया घातला, तो विल्यम लॅम्बटन हैदराबादेहून नागपूरकडे येत असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटच्या मुक्कामी वारला व तेथेच त्याला मूठमाती मिळाली. मोजणीचे अन्न जन्मभर खाल्लेल्या माणसाने दिवसभरात जाऊन येण्याजोग्या अंतरावरील ही कबर पाहिलेली नसावी, हे मला फार दिवस सलत होते.

काळी डबी चुंबकाने गाडीच्या टपाला चिकटली, तिची वायर खिडकीतून आत आली, आणि लॅपटॉप माझ्या मांडीवर. यंत्राची कैफियत अशी, की वायर लॅपटॉपच्या ज्या भोकात काल खोचली होती त्याच भोकात आज न खोचल्यास संगणक तिला नवा पोर्ट क्रमांक बहाल करी, आणि नकाशाचा प्रोग्रॅम जुन्याच क्रमांकावर कान लावून बसे. तो घोळ निस्तरल्यावर पडद्यावर डॉलरच्या चिन्हाने आरंभ होणाऱ्या ओळी सरासर उतरू लागल्या. त्यांतील २११४ हा आकडा मी ओळखला: २१ अंश १४ कला, आमच्या कळमेश्वराचा अक्षांश! अंश आणि कला मधे जागा न सोडता एकमेकांस चिकटवून लिहिण्याचा त्या यंत्राचा शिरस्ता मला मुळीच पसंत पडला नाही. आमच्या दप्तरात असा कागद कोणी पुढे ठेवता तर तो परत गेला असता.

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपापली वेळ सांगत असतात, आणि ती वेळ पोचण्यास किती विलंब लागला यावरून डबी अंतर काढते. सेकंदाचा दशलक्षांश भाग चुकला की जमिनीवर ३०० मीटर चुकतात, आणि डबीतले घड्याळ तर स्वस्तातले. सबब स्थानासाठी तीन उपग्रह पुरत असले तरी घड्याळाच्या खातरजमेसाठी चौथा लागतोच. पूर्वी अमेरिकन सरकार नागरी वापराच्या संदेशात हेतुपुरस्सर भेसळ करीत असे. ती २ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हुकुमाने थांबली, आणि तेव्हापासूनच असली डबी गाडीवर लावण्यात काही अर्थ आला.

पडद्यावर आम्ही घेतला होता तो माझ्या संग्रहातील सर्वेक्षण खात्याच्या जुन्या टोपोशीटचा नकाशा, भाच्याने संगणकात उतरविलेला. गोंडखैरीच्या रस्त्यास लागतो न लागतो तोच भाचा गाडीचा वेग कमी करून ओरडला, "मामाजी, गाडी वावरातून चालली ना जी!" आणि खरोखरच, चाके डांबरावर असताना आमचा लाल ठिपका रस्त्याच्या पश्चिमेस शे-दीडशे मीटरवर, कोणाच्या तरी संत्र्याच्या बागेतून, निःशंकपणे दक्षिणेकडे निघाला होता. भाच्याने दोष डबीला दिला. मी काही वेळ नुसता पाहत राहिलो. झाडाखालून गेलो, उघड्यावर आलो, तरी ठिपका रस्त्यापासून तेवढाच दूर, त्याच बाजूला. यंत्राची चूक अशी इमानी नसते; ती कधी इकडे, कधी तिकडे भटकते. जी चूक जागा सोडीत नाही ती यंत्राची नव्हे, गृहीतकाची, हे मोजणीच्या पहिल्या वर्षी शिकलेले सूत्र मला त्या बागेने आठवून दिले.

"तुझी डबी कोणती पृथ्वी मोजते?" असे मी विचारताच तो माझ्याकडे संशयाने पाहू लागला. वास्तविक प्रश्न अगदी व्यावहारिक होता. आपली जुनी टोपोशीटे लॅम्बटनचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने १८३० साली ठरविलेल्या गोलाभावर आखलेली आहेत, आणि त्या पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या उपग्रहांच्या पृथ्वीहून ८६१ मीटरनी तोकडी आहे. शिवाय ती हिंदुस्थानच्या भूमीवर चपखल बसावी अशी बेतलेली असल्याने तिचा मध्यही खऱ्या मध्यापासून ढळलेला. डबीने सांगितलेला अक्षांश-रेखांश तिच्या पृथ्वीपुरता बरोबर, नकाशावरचा त्याच्या पृथ्वीपुरता बरोबर, आणि फरक पन्नास हजारांत एक या प्रमाणाच्या कागदावर अवघा तीन मिलिमीटर. पण पडद्यावर मोठा करून पाहिला की त्यात बाग मावते.

वाडीच्या आसपास ७९ वा रेखांश ओलांडला, म्हणजे ५५ के/१६ हे पत्रक संपून नागपूरचे ५५ ओ/४ सुरू झाले, आणि ते उघडीपर्यंत ठिपका पांढऱ्या शून्यात चालत राहिला. नागपुरात झीरो माइलपाशी मी हट्टाने गाडी थांबवविली. तेथील स्तंभावरची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे इंचाच्या अंशापर्यंत नोंदलेली. आमची डबी मात्र उभ्या जागी दहाबारा मीटर वरखाली होत होती. त्या समाधानात मी जांबपर्यंत फारसे बोललो नाही.

हिंगणघाटात पैज सुटली. नकाशावर गाव होते, कबर नव्हती. एका टपरीवर चहा घेता घेता विचारले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "त्या मोजणीवाल्या इंग्रजाची का जी?" आणि त्याने पोरगा बरोबर दिला. ज्याच्या साखळीपासून एव्हरेस्टच्या पृथ्वीचा हिशेब सुरू झाला त्याच्या कबरीशी उभे राहून, भाच्याने त्या हिशेबाची दुरुस्ती संगणकात भरली. मी वहीत अक्षांश-रेखांश दोन्ही पद्धतींनी टिपून घेतले.

परतीच्या वाटेवर ठिपका डांबरावरून ढळेना. मात्र एका ठिकाणी तो पुन्हा वावरात उतरला, आणि भाचा दुरुस्तीचे आकडे नव्याने तपासू लागला. मी त्याचा हात धरला. महामार्ग रुंद करताना तेथले जुने वळण सरळ केलेले होते, आणि आमच्या पत्रकाच्या समासात पाहणीचे जे साल छापलेले होते ते त्याच्या जन्माआधीचे होते.