कंसातलं जुनं नाव

असेल तर बदल, नसेल तर घाल. डेटाबेसवर काम करणाऱ्याला हे रोजचंच. सिलेक्ट मारून नोंद आहे का ते पाहायचं आणि मग ठरवायचं, ही रीत पटकन सुचते. पण पाहणं आणि लिहिणं यांत फट राहते. दोन ट्रान्झॅक्शन एकाच वेळी पाहतात, दोघांनाही नोंद दिसत नाही, दोघंही घालतात. युनिक की असेल तर एकाला एरर येते. नसेल तर एकच ग्राहक टेबलात दोनदा बसतो. म्हणून मी युनिक की आधी ठरवतो आणि निवाडा डेटाबेसकडेच देतो. पोस्टग्रेसमध्ये २०१६ साली, ९.५ आवृत्तीत, ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’ आलं ते याचसाठी. मायएसक्यूएलच्या ‘रिप्लेस’ला मात्र मी हात लावत नाही. ते जुनी ओळ काढून नवी घालतं, आणि फॉरेन कीवर कॅस्केड असेल तर त्या ओळीवर टेकलेल्या नोंदीही जातात.

पण ग्राहकाचा पत्ता बदलला आणि जुना पुसला गेला, तर मागच्या वर्षीचं बिल कुठे पाठवलं होतं, हे कोण सांगणार? आपल्या सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचं नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात, शेजारी फेरफार क्रमांक येतो. इतिहासाचं टेबल मला तसंच हवं. चालू ओळीला शेवटची तारीख टाकायची, खाली नवी ओळ घालायची, आणि ही दोन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. शेवटची तारीख रिकामी असलेली ओळ प्रत्येक ग्राहकाची एकच राहावी, म्हणून तेवढ्याच ओळींवर युनिक इंडेक्स. इतकी शिस्त मी कोडच्या भरवशावर सोडत नाही.

बदल खरंच झाला का, हे तपासणं सगळ्यात नाजूक. रोज रात्री ग्राहकांची तीच फाइल पुन्हा येते. न तपासता लिहिलं तर काहीही न बदलता इतिहास फुगत जातो. साध्या ‘बरोबर नाही’ या तुलनेत एका बाजूला नल आला की उत्तरही नलच येतं. फोन नंबर आधी रिकामा होता आणि आज भरला, तर तो बदल निसटतो. तिथे ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’च हवं.

उशिरा आलेल्या बदलासाठी मी दोन तारखा ठेवतो: पत्ता बदलला ती, आणि आपल्याला कळलं ती. मार्चमधलं स्थलांतर जूनमध्ये कळलं, तर एप्रिलचं बिल जुन्या पत्त्यावर का गेलं, याचं उत्तर दुसऱ्या तारखेत मिळतं.