शिकलेले मातृत्व : ‘सायलस मार्नर’च्या निमित्ताने

‘हृदयस्पर्शी’ हे विशेषण समीक्षेने जाहिरातींच्या आणि वेष्टनावरील मजकुरांच्या स्वाधीन केले, त्याला बराच काळ लोटला. एखादी कादंबरी हृदयाला भिडते असे म्हणणे म्हणजे तिच्याविषयी काहीच न म्हणणे, अशी धारणा त्यामागे आहे. आणि ती सर्वस्वी निराधार नाही. सण, पोरके मूल, एकाकी माणसाचा मनपालट आणि अखेरीस लग्न अशी सामग्री एकत्र आली, की भावविवशतेचा संशय येतोच. जॉर्ज इलियटच्या ‘सायलस मार्नर’ (१८६१) या छोटेखानी कादंबरीत ही सारी सामग्री आहे. डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ने (१८४३) नाताळच्या कथेची गोडी लावलेल्या वाचकाला ती परकी वाटण्याचे कारण नव्हते. तरीही तिच्यातील ओलावा स्वस्त नाही. असे का, याचे उत्तर मातृत्वाकडे पाहण्याच्या तिच्या दृष्टीत शोधावे लागते.

कादंबरीच्या मुळाशी मैत्रीचा घात आहे. सायलस हा विणकर. ‘लँटर्न यार्ड’ या लहानशा, कडव्या धर्मपंथात तो वाढलेला असतो. त्याचा जिवलग मित्र विल्यम डेन चोरीचा आळ त्याच्यावर येईल अशी व्यवस्था करतो. पंथाचे लोक चिठ्ठ्या टाकून निवाडा करतात आणि चिठ्ठी सायलसला दोषी ठरवते. वाग्दत्त वधूही पुढे त्या मित्राचीच होते. रॅव्हलो गावाच्या कडेला, दगडाच्या खाणीजवळच्या झोपडीत तो पंधरा वर्षे मागावर बसून काढतो. रात्री सोन्याची नाणी मोजणे एवढाच त्याचा विरंगुळा. मग एका संध्याकाळी, दार नुसतेच लोटून तो बाहेर गेला असता, ते २७२ पौंडांचे धनही चोरीला जाते.

येथून पुढे सणांचे दिवस येतात, आणि इलियटचे कौशल्य असे की सण तिच्या हाती सजावट म्हणून राहत नाही. तो कथानकाचा कर्ता होतो. एरवी ज्या उंबरठ्यावर कोणी पाऊल टाकले नसते, तेथे नाताळच्या सुमारास पाऊल टाकण्याचे निमित्त मिळते. गाडीची चाके घडवणाऱ्या सुताराची बायको, डॉली विन्थ्रॉप, चरबी घालून भाजलेले केक घेऊन येते. बरोबर तिचा धाकटा आरन असतो. तो नाताळचे गाणे म्हणून दाखवतो. केकवर उमटवलेल्या अक्षरांचा अर्थ डॉलीला कळत नाही. चर्चमधल्या वस्त्रावर ती आहेत, म्हणजे चांगलीच असणार, एवढे तिला ठाऊक असते. सायलसलाही तो अर्थ उलगडत नाही. अर्थ न कळलेली अक्षरे एका हातातून दुसऱ्या हातात जातात, आणि या देवाणघेवाणीत मैत्रीचा आरंभ होतो. लँटर्न यार्डमध्ये शब्दांचा अर्थ ठाम होता आणि माणुसकी पातळ होती. डॉलीकडे याच्या उलट आहे. मात्र लेखिका घाई करीत नाही. तो नाताळचा दिवस सायलस एकटाच काढतो.

वर्षाच्या अखेरच्या रात्री जे घडते, त्यालाही एक लोकरूढी कारण होते. जुन्या वर्षाला निरोप देत आणि नव्याचे स्वागत करीत जागावे, ते शुभ असते, कदाचित पैसेही परत येतील, असे शेजाऱ्यांनी त्याला सांगितलेले असते. म्हणून तो पुन्हापुन्हा दार उघडून पाहतो, आणि त्याला जडणारी भानहरपाची मूर्च्छा नेमकी दार उघडे असताना येते. बाहेर बर्फात, अफूच्या गुंगीत, मॉली फॅरन मरून पडलेली असते: जमीनदाराचा मुलगा गॉडफ्री कास याची लपवलेली पत्नी. तिचे दोनेक वर्षांचे मूल उजेडाच्या रोखाने आत येते आणि चुलीपाशी झोपी जाते. भानावर आलेल्या सायलसला आपले सोनेच परत आल्याचा भास होतो. हात पुढे करतो, तो बोटांना कठीण नाण्यांऐवजी मऊ कुरळे केस लागतात.

योगायोगावर उभा राहिलेला हा प्रसंग येथेच संपला असता, तर भावविवशतेचा आरोप टिकला असता. इलियट पुढच्या प्रकरणात मातृत्वाचे काम मांडते. डॉली आरनचे लहानपणचे कपडे आणते, मुलीला न्हाऊमाखू घालते. आणि सायलस म्हणतो की हे सारे स्वतः करायचे आहे, नाहीतर मुलीचा लळा दुसऱ्यालाच लागेल. तो विद्यार्थी होतो. कपड्यांचा क्रम, आंघोळ, शिस्त यांचे धडे तो शेजारणीकडून घेतो. एपी मागाजवळून दूर जाऊ नये म्हणून तो तिला कापडी पट्टीने बांधून ठेवतो. ती कात्रीने पट्टी कापून पसार होते. शिक्षा म्हणून तिला कोळशाच्या कोनाड्यात कोंडावे, तर तिला त्याचीच मौज वाटते, आणि शिक्षेचा विचार कायमचा मागे पडतो. या विनोदात एक गंभीर प्रतिपादन दडले आहे. मातृत्व ही रक्तातून आपोआप उमलणारी प्रेरणा नसून शिकता येण्याजोगी, चुकतमाकत हाती येणारी विद्या आहे, आणि ती शिकवते मैत्री. मित्राने जे मोडले, ते मैत्रीणच सांधते.

मराठी वाचकाला हे प्रतिपादन अपरिचित वाटू नये. ज्ञानेश्वरांना आणि विठ्ठलाला ‘माउली’ म्हणताना वारकरी परंपरेने मातृत्व स्त्रीदेहापासून सोडवून घेतले आहे. जनाबाईच्या अभंगांतला विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो. मायेची ओळख तेथेही कामातूनच पटते. पुरुषाच्या मातृत्वासाठी मराठीत शब्द आधीच आहे. इलियटला तो कादंबरीभर घडवावा लागला.

लेखिकेच्या चरित्रातील एक तपशील येथे अप्रस्तुत नाही. मेरी ॲन इव्हान्स ही १८५४ पासून जॉर्ज हेन्री लुइसबरोबर विवाहाविना राहत होती. तिला स्वतःचे मूल नव्हते. १८६० मध्ये लुइसचा थोरला मुलगा चार्ल्स त्यांच्या घरी राहायला आला, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ही कादंबरी आकार घेऊ लागली. लुइसची मुले तिला ‘मुटर’, म्हणजे जर्मन भाषेत आई, म्हणत. चरित्रातून संहितेचा अर्थ काढण्याचे धोके उघड आहेत. पण वयाच्या चाळिशीत आई होण्यास शिकणे ही तिच्यासाठी केवळ कल्पना नव्हती, इतके म्हणण्यास हरकत नसावी.

सोळा वर्षांनी खाण कोरडी पडते, चोराचा सांगाडा आणि सोने सापडते, आणि गॉडफ्री आपले पितृत्व सांगत एपीला मागायला येतो. त्याची पत्नी नॅन्सी निपुत्रिक आहे. मूल दत्तक घेणे दैवाच्या इच्छेविरुद्ध, या समजुतीने तिने पूर्वी नकार दिलेला असतो. एपीचा नकार हा या दोघांना मिळालेला न्याय आहे, तरी त्यात विजयाचा सूर नाही. नॅन्सीचे दुःख खरे आहे, आणि कादंबरी ते खरे राहू देते.

मॉलीविषयी मात्र एक आक्षेप उरतोच. जिच्या मृत्यूवाचून सायलसचे मातृत्व संभवत नाही, त्या जन्मदात्रीला काही पानांचेच आयुष्य लाभते, तेही व्यसनाच्या आणि सूडाच्या छायेत. चुलीपाशीची ऊब बर्फातल्या एका प्रेताच्या मोलाने आली आहे. ही उणीव नाकारण्यात अर्थ नाही; इलियटलाही ती जाणवली असावी, असे मानायला संहितेत आधार आहे. सायलस मॉलीची लग्नाची अंगठी जपून ठेवतो आणि एपीला देतो. आणि जेव्हा झोपडीभोवती बाग करण्याचे ठरते, तेव्हा जिच्यापाशी आई मरून पडली होती ती पिवळ्या फुलांची काटेरी जाळी बागेत घ्यावी, असा हट्ट एपी धरते. सायलस तो मान्य करतो. तिच्या आजूबाजूला लहान फुलझाडे लावण्याचेही ठरते. लग्नाच्या वरातीनंतर सारे ज्या बागेपाशी परततात, तिच्यात ती जाळी आहे.